नफा सोळा लाखांचा, बँकेत चाळीस हजार: दोष सॉफ्टवेअरचा की हिशेबाच्या सवयीचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लोखंडी रॅक आणि कपाटे तयार करण्याचा आपला एकल मालकीचा छोटा कारखाना आहे. सरलेल्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये, जीएसटी वगळून विक्री एक कोटी साठ लाख रुपये झाली. अकाउंटंटने निव्वळ नफा सोळा लाख दाखवला आणि सुमारे सव्वा लाख प्राप्तिकर भरावा लागेल असे सांगितले, पण ३१ मार्चला चालू खात्यात फक्त चाळीस हजार रुपये होते. नफा झाला असेल तर पैसे कुठे आहेत, आकडे चुकले आहेत का, आणि संगणकावरचे जुने सॉफ्टवेअर सोडून ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतल्यास हा घोळ मिटेल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही वर्षांच्या ताळेबंदांतील मुख्य आकडे आपण दिलेत हे बरे केले, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागले असते. तरीही काही गोष्टी मला येथून दिसत नाहीत. वर्षअखेरचा साठा प्रत्यक्ष मोजला होता की नाही, घरखर्चासाठी उचललेल्या सगळ्या रकमा त्याच नावाने नोंदल्या आहेत की नाही, आणि आपल्याला इतर कोणते उत्पन्न आहे का, यांवर पुढील काही निष्कर्ष बदलू शकतात. जेथे तसे आहे तेथे मी सांगेन.

नफा-तोटा पत्रक आणि बँकेचे खाते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पत्रक सांगते की वर्षभरात कमावले किती. बँक सांगते की आज हातात आहे किती. या दोहोंमधला पूल लहान उद्योगात सहसा कोणीच बांधत नाही, म्हणून मालकाला दरवर्षी एप्रिलमध्ये हाच धक्का बसतो. आपल्याच आकड्यांवरून तो बांधून पाहू. सोळा लाख नफ्यापासून सुरुवात करा. त्यात दोन लाखांचा घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरलेली रक्कम, मिळवा, कारण तो खर्च म्हणून वजा झाला असला तरी त्यापोटी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. झाले अठरा लाख. ग्राहकांकडील येणी वर्षभरात एकोणीस लाखांवरून साडेसव्वीस लाखांवर गेली, म्हणजे साडेसात लाख तिकडे अडकले. उरले साडेदहा. पत्रा आणि अँगल यांचा साठा तीन लाखांनी वाढला, उरले साडेसात. पुरवठादारांची आणि कराची देणी दोन लाखांनी वाढली, म्हणजे तेवढे पैसे आपण अजून दिलेले नाहीत, म्हणून ते मिळवायचे, साडेनऊ झाले. कर्जाच्या हप्त्यांतून तीन लाख साठ हजार मुद्दल फिटले, घरासाठी साडेसहा लाख उचलले आणि नव्या बेंडिंग मशीनसाठी स्वतःच्या वाट्याचे दीड लाख भरले. या तिन्ही रकमा वजा केल्या की उत्तर उणे दोन लाख दहा हजार येते. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात अडीच लाख होते. त्यातून दोन लाख दहा हजार गेले आणि चाळीस हजार उरले.

म्हणजे बेरीज-वजाबाकी जुळते. सॉफ्टवेअरने हिशेब चुकवलेला नाही. तरीही सोळा लाखांचा नफा बिनचूक आहे असे मी लगेच म्हणणार नाही, आणि माझी शंका एकाच आकड्यावर आहे: साठ्याची तीन लाखांची वाढ.

लहान कारखान्यांत ३१ मार्चचा साठा पुष्कळदा मोजलाच जात नाही. मागील वर्षी ढोबळ नफ्याचे (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचे) जे प्रमाण होते ते यंदाही आले पाहिजे, या हिशेबाने साठ्याचा आकडा मागून बसवला जातो. अखेरचा साठा जितका जास्त दाखवाल तितका नफा वाढतो, आणि मग न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. आपल्या बाबतीत ही तीन लाखांची वाढ कागदावरचीच असेल, तर खरा नफा तेरा लाख ठरतो. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या टप्प्यांनुसार, दुसरे उत्पन्न नसल्यास, सोळा लाखांवर उपकरासह १,२४,८०० रुपये कर होतो; तेरा लाखांवर ७८,००० रुपये. मात्र वाढीव साठा कागदावरचा असेल तर वरचा ताळमेळ मोडत नाही, कारण नफा आणि साठा दोन्ही तीन-तीन लाखांनी एकदमच कमी होतात. म्हणूनच बँकेचा आकडा जुळला एवढ्यावरून ही चूक पकडता येत नाही. ती गोदामात उभे राहून माल मोजल्यानेच सापडते. अकाउंटंटला साठ्याची यादी मागा. त्यात पत्र्याची जाडी, वजन, नग आणि खरेदीचा दर असेल तर मोजणी झाली आहे. एका ओळीत ‘अखेरचा साठा’ आणि पुढे गोल आकडा असेल, तर काय झाले ते उघड आहे. मोजणी करताना भाव लावायचा तो खरेदीची किंमत किंवा विकून मिळू शकेल ती किंमत यांपैकी जी कमी असेल ती. आणि ज्या खरेदीवरील जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवरील करातून त्याची वजावट, घेतले आहे, त्या मालाच्या किमतीत तो कर पुन्हा धरायचा नाही. उलट मोजणीत साठा खरोखर तेवढाच निघाला, तर नफा खरा आहे आणि कर भरणे भाग आहे. मग पुढचा प्रश्न एवढाच उरतो की तीन लाखांचा जादा पत्रा भरून ठेवण्याची गरज होती का.

आता येणी. माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ येथे आहे. आदल्या वर्षी जीएसटी धरून विक्री एक कोटी पासष्ट लाखांच्या आसपास होती आणि येणी एकोणीस लाख, म्हणजे बिलाचे पैसे सरासरी बेचाळीस दिवसांनी येत होते. यंदा जीएसटी धरून विक्री एक कोटी एकोणनव्वद लाख आणि येणी साडेसव्वीस लाख, म्हणजे एक्कावन्न दिवस. विक्री वाढली की येणी वाढणारच. पण वसुलीचा वेग पूर्वीइतका राहिला असता तर येणी पावणेबावीस लाखांच्या पुढे गेली नसती. म्हणजे जवळपास पावणेपाच लाख रुपये केवळ ढिलाईमुळे ग्राहकांकडे पडून आहेत. आपल्या प्राप्तिकराच्या जवळजवळ चौपट ही रक्कम आहे. कर कसा वाचवावा यावर जितका विचार होतो तितका या रकमेवर होत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्यात जीएसटीची भर पडते. माल विकताना कराची जबाबदारी बिलासोबत निर्माण होते, पैसे आल्यावर नव्हे. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याने ऑगस्टमध्ये एक लाखाचा माल अठरा टक्के कर लावून विकला, तर ते अठरा हजार २० सप्टेंबरपर्यंत भरावे लागतात, मग ग्राहक पैसे दिवाळीनंतर देवो. आपल्या साडेसव्वीस लाखांच्या येण्यांत, सगळा माल अठरा टक्क्यांचा धरल्यास, चार लाखांहून थोडा अधिक कर आहे. मार्चमधील बिलांवरचा कर एप्रिलमध्ये देय होतो, तेवढा वगळला तरी बाकीचा आपण ग्राहकाच्या आधीच, रोखीने किंवा क्रेडिट वापरून, सरकारला भरून मोकळे झाला आहात. म्हणजे उधारी देताना आपण ग्राहकाला मालासोबत करही उधार देता.

खरेदीच्या बाजूलाही असाच फटका बसतो, पण तो दिसत नाही. १ जानेवारी २०२२ पासून, पुरवठादाराने आपले बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवून ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या आपल्या क्रेडिटच्या मासिक पत्रकात, उमटल्याशिवाय त्यावरील कराचे क्रेडिट घेता येत नाही. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. पुरवठादाराने बिल टाकायला विलंब केला किंवा जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकवले, तर त्याला कर देऊनही तो आपल्याला तूर्त पुन्हा रोखीने भरावा लागतो. म्हणून १४ तारखेनंतर २बी आणि आपली खरेदी नोंदवही शेजारी ठेवून बिलवार जुळवणी करावी, आणि जो पुरवठादार वारंवार गहाळ दिसतो त्याचे पुढचे पैसे सोडण्यापूर्वी त्याला फोन करावा. पैसे गेल्यानंतर केलेल्या फोनला तितके वजन नसते. याची दुसरी बाजू अशी की, पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. त्यामुळे वादातली जुनी बिले तशीच पडू देऊ नयेत.

वसुलीसाठी आपल्या हातात एक कायदेशीर आधार आहे, आणि बहुतेक छोटे उत्पादक तो वापरत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादेनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो, म्हणजे आपण त्यात बसता. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. आपण व्याजाची मागणी करणार नाही हे मला माहीत आहे, कारण मोठा ग्राहक दुखावण्याची भीती असते. पण २०२३-२४ पासून प्राप्तिकर कायद्यातही तरतूद आली आहे: ही मुदत उलटून गेलेली आणि ३१ मार्चला न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच करता येते. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि फेब्रुवारीत प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागाला थकीत बिलांची यादी त्या क्रमांकासह पाठवा. तेथे बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ बरोबर कळतो. आपण स्वतः दुसऱ्या छोट्या उत्पादकाकडून माल घेत असाल तर हीच अट आपल्यालाही लागू आहे. केवळ व्यापार करणाऱ्या पुरवठादाराच्या बाबतीत ती लागू होत नाही.

कर्जाविषयी थोडक्यात. आपला हप्ता दरमहा पंचेचाळीस हजार आहे, म्हणजे वर्षाचे पाच लाख चाळीस हजार. त्यांपैकी फक्त एक लाख ऐंशी हजार व्याज होते आणि तेवढेच नफ्यातून वजा झाले. मुद्दल हे खर्च नाही. हप्ता पूर्ण खर्चात धरून मनातल्या मनात नफा काढणाऱ्या मालकाला पत्रकातला नफा नेहमीच फुगवलेला वाटतो.

उचलीच्या साडेसहा लाखांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो आकडा मला संशयास्पद रीतीने सोयीचा वाटतो. कारखान्याच्या आणि घराच्या खर्चासाठी एकच खाते आणि एकच यूपीआय वापरले जात असेल, तर बँकेच्या उताऱ्यात अशा ओळी येतात: जून महिन्यात एका व्यक्तीच्या नावाने ८,२६० रुपये गेले, बाकी काही तपशील नाही. ते वेल्डिंग रॉडचे होते, टेम्पोच्या भाड्याचे होते की घरच्या इलेक्ट्रिशियनचे, हे मार्चमध्ये कोणालाच आठवत नाही. अकाउंटंट फोन करतो, आपण कामात असता, आणि संध्याकाळपर्यंत ती रक्कम ‘सस्पेन्स’मध्ये, म्हणजे कारण न कळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, जाते. वर्षअखेरीस सस्पेन्स शून्य करायचा म्हणून सगळे उचलीत टाकले जाते. अशा प्रकारे धंद्याचा खरा खर्च घरखर्चात गेला, तर नफा तेवढा वाढतो आणि त्यावर कर लागतो. शिवाय बिल नसल्याने जीएसटीचे क्रेडिटही जाते. याला उपाय फार साधा आहे. घरासाठी स्वतंत्र बचत खाते ठेवा, दर महिन्याच्या ठरावीक तारखेला चालू खात्यातून त्यात ठरावीक रक्कम वळवा, आणि किराणा, शाळेची फी, घरच्या गाडीचे पेट्रोल हे सगळे तेथूनच होऊ द्या. धंद्याच्या प्रत्येक खर्चाचे बिल त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून अकाउंटंटसोबतच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका. रोखीने खर्च करताना एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकरात मान्य होत नाही, हेही ध्यानात असू द्या. वाहतूकदारांसाठी ही मर्यादा पस्तीस हजार आहे.

येथे आपल्या मनात एक प्रश्न येईल, म्हणून आधीच सांगतो. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटींपर्यंतच्या, उद्योगाला अनुमानित उत्पन्नाची योजना घेता येते. तिच्यात बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के उत्पन्न दाखवायचे असते. मग सोळा लाखांऐवजी साडेनऊ-दहा लाखच का दाखवू नयेत? ज्याच्याकडे हिशेबाची पुस्तके तयार आहेत, त्यांत नफा जास्त आहे आणि तोच ताळेबंद कर्जासाठी बँकेत दिला आहे, त्याने कमी आकडा दाखवण्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. कागद एकमेकांशी विसंगत ठेवून वाचवलेल्या कराची किंमत पुढच्या कर्जाच्या वेळी मोजावी लागते. आपण ही योजना आधी घेतली होती का, यावरही बरेच अवलंबून आहे, कारण एकदा घेऊन मध्येच सोडली तर पुढील पाच वर्षे ती मिळत नाही. हा निर्णय आपल्या सल्लागारासमोर बसूनच घ्या.

प्राप्तिकराची रक्कम वर्ष संपल्यावर कळावी हे मात्र बरोबर झाले नाही. वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरायचा असतो: १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित योजनेतील व्यक्तीला सगळा कर एकदम १५ मार्चपर्यंत भरता येतो. हप्ते चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज लागते, ते आपल्या सव्वा लाखावर वेगळे येईल. विवरणपत्राची वाट न पाहता कर आताच भरल्यास ते तेथेच थांबेल. पुढील वर्षासाठी मी अशिलांना एक दुसरे खाते उघडायला सांगतो. ग्राहकाचे पैसे जमा झाले की त्यातील जीएसटीचा भाग, आणि आगाऊ कराचा अंदाजे वाटा, दर आठवड्याला तिकडे वळवायचा. चालू खात्यात उरते त्यालाच आपले समजायचे. ज्यांचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तसे कर्ज उचलण्याचे खाते, आहे त्यांनी मात्र हे करू नये, कारण एकीकडे बँकेला व्याज देत दुसरीकडे पैसे पडून ठेवणे तोट्याचे आहे. त्यांनी त्या रकमेची नोंद वेगळ्या कागदावर ठेवली तरी काम भागते.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न. ऑनलाइन सॉफ्टवेअरमुळे बँकेचा उतारा आपोआप आत येतो, बिल मोबाइलवरून काढता येते आणि थकीत येणी आपल्याला स्वतःला कधीही पाहता येतात. ही सोय खरी आहे. पण ८,२६० रुपये कशाचे होते हे त्यालाही ठाऊक नसते, आणि न मोजलेला साठा ते मोजत नाही. आपल्याकडील जुन्या सॉफ्टवेअरमध्येही येण्यांचे वयवार पत्रक (कोणते बिल किती दिवस थकले आहे याची यादी) आणि बँक ताळमेळ काढता येत असणारच. ते आजवर कोणी काढून मागितले नाही एवढेच. म्हणून आधी तीन महिने आहे त्याच सॉफ्टवेअरवर महिना बंद करून पाहा. १५ ते १८ तारखेच्या दरम्यान, म्हणजे २बी आल्यानंतर आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी, अकाउंटंटसोबत तासभर बसा. मागील महिन्याच्या अखेरची बँक शिल्लक पुस्तकाशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे, सस्पेन्स शून्य असला पाहिजे, पंचेचाळीस दिवसांवरील येण्यांची नावे समोर असली पाहिजेत, आणि वर मांडला तसा नफ्यापासून बँकेपर्यंतचा पूल एका पानावर लिहिलेला असला पाहिजे. त्यानंतर त्या महिन्याच्या नोंदी कुलूपबंद कराव्यात, म्हणजे विवरणपत्र भरल्यावर मागची तारीख टाकून कोणी बदल करणार नाही.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत सॉफ्टवेअरपेक्षा निकडीची एक गोष्ट आजच तपासा. जीएसटी आणि प्राप्तिकर या दोन्ही पोर्टलवर नोंदलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपला आहे का? पुष्कळ ठिकाणी तेथे सल्लागाराचा क्रमांक असतो, आणि नोटीस आली तरी मालकाला ती मुदत संपल्यावर कळते. क्रमांक आपला ठेवा, अकाउंटंटला सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावाचे स्वतंत्र लॉगिन द्या, आणि हिशेबाच्या बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहिला नसेल, तर तो आहे असे धरू नका.

तीन महिन्यांनंतरही सॉफ्टवेअर बदलावेसे वाटले तर खुशाल बदला, पण तारीख १ एप्रिलच निवडा. सुरुवातीच्या शिलकी टाकताना ग्राहकाच्या नावापुढे एकच एकूण रक्कम लिहू नका. प्रत्येक थकीत बिल त्याच्या मूळ क्रमांकाने आणि तारखेने घ्या, नाहीतर कोणते बिल किती दिवसांचे आहे हे नव्या सॉफ्टवेअरला कधीच सांगता येणार नाही. जुना डेटाही पुसू नका. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, तेव्हा जुने सॉफ्टवेअर ज्या संगणकावर उघडते तो भंगारात देण्यापूर्वी सगळ्या खतावण्या आणि नोंदवह्या पीडीएफमध्ये काढून घ्या.